दर महिन्याच्या पाच तारखेला गाणं बंद: म्युझिक सर्व्हरचे पैसे अडकतात कुठे आणि सोडवायचे कसे

आमच्या घरी सकाळी सहाला अप्पांच्या खोलीत गाणं लागतं. अप्पा म्हणजे माझे सासरे. भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, कन्नड वचनं (शिवशरणांची भक्तिपदं) आणि त्यांनी स्वतः सोलापूर आकाशवाणीवरून टेप केलेल्या जुन्या कॅसेटी, असं सगळं आम्ही दोन वर्षं खपून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. कॅसेटींवर अप्पांच्या हातची निळ्या शाईतली अक्षरं आहेत, त्यांचेही फोटो काढून गाण्यांना जोडले. त्या कामाची किंमत मला ठाऊक आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मागच्या वर्षी लागोपाठ सहा महिने हे गाणं दर महिन्याच्या सुरुवातीला बंद पडायचं. अप्पा काही बोलायचे नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहायचे. मी स्वयंपाकघरातून ओळखायची, आज आवाज नाही.

आमची मांडणी आधी सांगते. अप्पांच्या खोलीत स्क्वीझबॉक्स जातीचा जुना प्लेयर (वायफायवरून गाणं घेऊन वाजवणारा डबा) आहे, दिरांनी 2011 साली अमेरिकेतून आणलेला. हॉलमध्ये ॲम्प्लिफायरला जोडलेला नवा स्ट्रीमर. टीव्हीखालच्या कपाटात एक छोटा कॉम्प्युटर, त्याच्यावर म्युझिक सर्व्हरचं सॉफ्टवेअर. तेच दोन्ही प्लेयरना गाणं पुरवतं. हे सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं, भाडं डॉलरमध्ये, दर महिन्याला. कंपनीचं आणि बँकेचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते डॉलरमध्ये भाडं घेणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडतं.

सुरुवातीला सगळा दोष आम्ही लाईटला दिला. उन्हाळ्यात आमच्या जुळे सोलापूर भागात लाईट जाते-येते, आली की राउटर एकदम उठत नाही, प्लेयर आधी उठतो आणि त्याला वायफाय सापडत नाही. हे खरंच होतं. त्यामुळे गाणं थांबलं की आम्ही राउटर बंद-चालू करायचो. नवीन राउटरही घेतला. तरी पुढच्या महिन्यात तेच.

मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी ‘गाणं बंद’ असं लिहायला लागले. तीन महिन्यांनी पानं उलटून पाहिली तर 5, 6, 5. लाईट काही तारीख बघून जात नाही. तारीख बघून चालतो तो हिशेब. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, आमचा माल बाहेर जातो, डॉलरच्या पावत्या रोज हातात असतात. पण घरच्या एका भाड्याचा उतारा काढून बघावा हे मला तीन महिने सुचलं नव्हतं.

उतारा काढला. पहिल्या महिन्यात 2 तारखेला पैसे गेलेले. त्यानंतर कुठल्याच महिन्यात 2 तारखेला काही नाही. पाच-सहा तारखेला मात्र एक रक्कम, कारण गाणं बंद पडल्यावर ह्यांनी म्हणजे आमच्या यजमानांनी अकाउंटमध्ये जाऊन कार्ड पुन्हा घातलेलं, ओटीपी दिलेला. गाणं सुरू झालं की आम्हाला वाटायचं राउटरमुळेच झालं, कारण त्याच तासाभरात राउटरही बंद-चालू केलेला असायचा. म्हणजे असं घडत होतं: 2 तारखेला कंपनी पैसे मागते, बँक नाही म्हणते, सॉफ्टवेअर तीन दिवस वाट बघतं आणि मग थांबतं. कंपनीच्या मेल आलेल्या होत्या. त्या दिरांच्या जुन्या मेलवर जात होत्या, ते कसं ते पुढे सांगते.

पैशाचं दुखणं की वायफायचं, हे आधी ठरवा

ह्यात घाई केली की माणूस चुकीच्या दाराशी ताटकळतो. फोनवर सर्व्हरचं ॲप उघडा. सर्व्हर दिसतो आहे, गाण्यांची यादी दिसते आहे, पण वाजवायला गेलं की अकाउंट, लायसन्स किंवा सबस्क्रिप्शन असा कुठला तरी शब्द येतो, तर दुखणं पैशाचं किंवा परवान्याचं. सर्व्हरच सापडत नाही, ॲप नुसतं गोल गोल फिरतंय, तर दुखणं नेटवर्कचं. एक प्लेयर वाजतो आणि दुसरा वाजत नाही, तरीही नेटवर्कचंच, कारण भाडं थकलं तर दोन्ही गप्प होतात.

दुसरी खूण तारखेची. सलग दोन-तीन महिने बंद पडलेल्या तारखा लिहून ठेवा. त्या एकमेकींजवळ आल्या तर बँकेचा उतारा काढा. विखुरलेल्या असतील, त्यातही लाईट गेल्यानंतरच्या असतील, तर राउटरकडे वळा.

पहिला हप्ता जातो, दुसरा अडतो

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात आणि सगळ्यात कमी लोकांना ह्याचं कारण माहीत असतं.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कार्डावरून किंवा यूपीआयवरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर त्यासाठी ई-मॅन्डेट, म्हणजे तशी कायमची परवानगी, बँकेकडे नोंदलेलं पाहिजे. नोंदणीच्या वेळी एकदा ओटीपी द्यायचा, म्हणजे आपण स्वतः परवानगी दिली हे पक्कं होतं. त्यानंतरचे हप्ते ओटीपीशिवाय जातात, पण प्रत्येक वेळी निदान 24 तास आधी आपल्याला कळवावं लागतं आणि नको असेल तर थांबवायची सोय द्यावी लागते. 1 ऑक्टोबर 2021 पासून हे सक्तीचं झालं. ह्या चौकटीत न बसणारे आपोआप हप्ते बँका तेव्हापासून नाकारतात, विक्रेता देशातला असो की परदेशातला. ओटीपीशिवाय जाणाऱ्या हप्त्याची मर्यादा आधी 5,000 रुपये होती, जून 2022 मध्ये ती 15,000 झाली. गाण्याच्या सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं त्याच्या कितीतरी आत असतं, त्यामुळे मर्यादेची अडचण सहसा येत नाही. अडचण नोंदणीची येते.

मोठ्या परदेशी कंपन्यांनी आपल्या बँकांशी ही नोंदणी जुळवून घेतली आहे. पण म्युझिक सर्व्हर बनवणारी मंडळी छोटी असतात, जगभर मिळून मोजके गिऱ्हाईक. त्यांच्या पैसे घेण्याच्या व्यवस्थेला आपल्याकडचं ई-मॅन्डेट कळतच नाही. त्यामुळे पहिल्यांदा आपण कार्ड घालतो तेव्हा तो व्यवहार एक साधी परदेशी खरेदी म्हणून होतो. ओटीपी येतो, पैसे जातात, सॉफ्टवेअर चालू. आपल्याला वाटतं, झालं काम. महिन्याने ती कंपनी तेच कार्ड घेऊन परत येते तेव्हा बँकेकडे मॅन्डेट नसतं. बँक नकार देते. ह्यात ना बँकेचं चुकतं ना कंपनीचं, ती दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत.

तपासायचं असं. नेटबँकिंगमध्ये किंवा बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या भागात ‘ई-मॅन्डेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ नावाचं पान असतं. काही बँकांत ते ‘मॅनेज सबस्क्रिप्शन’ म्हणून असतं. तिथे त्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव नसेल तर पुढचा हप्ता अडणार, असंच धरून चाला. कार्ड पुन्हा पुन्हा घालून काही होत नाही, त्याने तेवढा एक महिना निघतो. आम्ही सहा महिने तेच केलं.

नाव आहे आणि तरी अडतंय, तर त्या मॅन्डेटवर लिहिलेली जास्तीत जास्त रक्कम बघा. भाडं डॉलरमध्ये ठरलेलं असतं, रुपयात ते दर महिन्याला थोडं वर-खाली होतं. कमाल रक्कम अगदी काठावर धरलेली असेल आणि डॉलर वधारला, किंवा कंपनीने भाव वाढवला, तर हप्ता कमाल रकमेच्या वर जातो आणि परत फिरतो. तसं असेल तर जुनं मॅन्डेट रद्द करून मोठ्या रकमेचं नवीन करावं लागतं.

आणि तो 24 तास आधीचा मेसेज कोणाच्या फोनवर येतो हेही बघा. कार्ड अप्पांच्या खात्याचं, नंबर अप्पांचा. ‘अमुक रक्कम उद्या कापली जाईल, नको असल्यास इथे दाबा’ असा मेसेज म्हाताऱ्या माणसाला आला की तो काय करणार? घरच्यांनीच शिकवलेलं असतं की अनोळखी मेसेज आला तर नको म्हणायचं. आमच्या शेजारच्या काकांनी एक चालू असलेली वर्गणी अशीच बंद करून टाकली होती. त्यांचं काही चुकलं नाही.

कार्डाच्या बाकीच्या गाठी

2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डांबद्दल आणखी एक नियम आणला. नवीन किंवा बदलून मिळालेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी वापर आपण स्वतः चालू करायचा. नियम चांगला आहे, त्यामुळे चोऱ्या कमी होतात. पण कार्डाची मुदत संपून नवीन कार्ड घरी आलं की हे खटके पुन्हा बंद स्थितीत असतात, आणि ते कोणाच्या लक्षात राहत नाही. तीन वर्षं सुरळीत चाललेलं भाडं अचानक अडलं तर आधी आठवा, कार्ड नवीन आलंय का? ॲपमध्ये ‘इंटरनॅशनल’ आणि ‘ऑनलाइन’ असे दोन वेगळे खटके असतात, दोन्ही लागतात. त्यांच्याखाली मर्यादेचा आकडा असतो. खटका चालू आणि मर्यादा शून्य, असंही मी पाहिलं आहे.

रूपे कार्ड बऱ्याच परदेशी साइटवर घेतच नाहीत. सोलापुरात पगाराच्या आणि पेन्शनच्या खात्यांना बरेचदा रूपेच मिळतं. तिथे डोकं लावू नका, घरात दुसऱ्या कोणाचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर ते वापरा.

एक अगदी कळकळीने सांगते. पैसे जात नाहीत म्हणून एकामागे एक पाच-सात वेळा बटण दाबू नका. बँकेच्या यंत्रणेला ते चोरीचं लक्षण वाटतं आणि कार्डच अडकवून ठेवलं जातं. शिवाय काही वेळा रक्कम दोनदा धरून ठेवली जाते आणि परत यायला दिवस जातात. दोनदा प्रयत्न झाला, नाही गेलं, थांबा. कारण शोधा, मग तिसऱ्यांदा.

आणि अशा वेळी ‘कस्टमर केअर’चा नंबर इंटरनेटवर शोधून फोन लावू नका. आमच्या ऑफिसमधल्या एका मुलाने तसं केलं. पलीकडच्या माणसाने गोड बोलून फोनचा पडदा दिसणारं ॲप टाकायला लावलं आणि खात्यातले पैसे गेले. छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या फोनवर बोलतच नाहीत, मेलवर बोलतात. चुकून असं काही झालंच तर त्याच क्षणी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करा, नंतर रडू.

बँकेला लेखी तक्रार दिली आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, माहितीसाठी नंबर 14448. पण आधी शाखेत लेखी द्या आणि तारखेचा शिक्का घ्या.

मग भरायचं कसं

मी केलेला उपाय साधा आहे. महिन्याचं भाडं बंद केलं आणि वर्षाचं एकदम भरलं. अकाउंटमध्ये जाऊन ‘ऑटो रिन्यू’ बंद केलं. वर्षातून एकदा मी स्वतः बसते, कार्डाचा परदेशी खटका चालू करते, ओटीपी देते, पैसे गेल्याची मेल आली की खटका परत बंद करते. दहा मिनिटांचं काम. मॅन्डेट नाही, अडलेला हप्ता नाही, मेसेजची भीती नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वर्षाचं भाडं बारा महिन्यांच्या बेरजेपेक्षा कमी पडतं, आणि बँकेची कापणीही बारा वेळा बघावी लागत नाही.

ती कापणी समजून घ्या, कारण किमतीत ती दिसत नाही. परदेशी चलनात पैसे गेले की बँक वर तिचा टक्का लावते आणि त्या टक्क्यावर 18 टक्के जीएसटी. समजा बँकेचा टक्का साडेतीन आहे. हजार रुपयांच्या भाड्यावर 35 रुपये, त्याच्यावर जीएसटी 6 रुपये 30 पैसे, म्हणजे खात्यातून 1,041 रुपये 30 पैसे. खात्यात बरोबर हजार ठेवले तर व्यवहार फसतो. आमचा एक महिना ह्याच कारणाने गेला होता. किमतीपेक्षा निदान शंभर रुपये जास्त ठेवा. शिवाय काही कंपन्या आपल्या देशाचं नाव टाकल्यावर शेवटच्या पानावर जीएसटीही जोडतात, त्यामुळे पहिल्या पानावरचा आकडा बघून हिशेब धरू नका.

काही सॉफ्टवेअरला आयुष्यभराचा परवाना असतो. एकदम मोठी रक्कम असते. माझं मत विचाराल तर दोन वर्षं वापरून झाल्याशिवाय तो घेऊ नये. घरच्यांना सवय झाली, रोज वाजतंय, तर घ्या.

जे फोनच्या ॲपच्या रूपात मिळतं, उदाहरणार्थ प्लेयर चालवायचा रिमोट, ते प्ले स्टोअरवरून यूपीआयने रुपयांत घेता येतं. तिथे वर सांगितलेल्या अडचणी जवळजवळ येत नाहीत. पण तिथे दुसरी एक येते. ॲप ज्या गुगल अकाउंटने घेतलं, त्याचंच ते असतं. अप्पांचा फोन बदलला तेव्हा आम्ही नवीन अकाउंट काढलं आणि ॲप परत पैसे मागायला लागलं. सगळे म्हणाले, फसवलं. कोणी फसवलं नव्हतं. नव्या फोनमध्ये जुनं अकाउंटही घातलं, प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यातलं चित्र दाबून त्या अकाउंटवर गेले, तिथून ॲप पुन्हा उतरवलं, विषय संपला.

दिरांचं कार्ड

सुरुवातीला आम्हीही सगळे करतात तेच केलं होतं. दीर अमेरिकेत, त्यांचं कार्ड तिथलं, म्हणून त्यांनीच खातं उघडलं आणि पहिल्या वर्षाचं भाडं भरलं. मायेने केलं. वर्षाने त्यांचं कार्ड बदललं, भाडं अडलं, म्हणून आम्ही आमचं कार्ड घातलं आणि महिन्याचं भाडं घेतलं. पण खातं त्यांच्याच नावाने राहिलं. सूचनेच्या मेल त्यांच्या जुन्या मेलवर, जी ते उघडत नाहीत. पासवर्ड बदलायचा तर कोड त्यांच्याकडे जाणार, आणि आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिकडे रात्र. एकदा अप्पा चार दिवस थांबले, कारण दीर प्रवासात होते.

म्हणून पैसे कोणीही देवो, खातं घरातल्या, रोज मेल बघणाऱ्या माणसाच्या नावावर असू द्या. आम्ही कंपनीला मेल केली, जुन्या मेलवरून दिरांनी संमती कळवली, आणि त्यांनी खातं माझ्या मेलवर करून दिलं. दोन दिवस लागले. मेलमध्ये मी तीनच गोष्टी लिहिल्या होत्या: खात्याची जुनी मेल, शेवटच्या पावतीचा क्रमांक आणि तारीख, आणि काय हवं आहे ते एका वाक्यात. कार्डाचा पूर्ण नंबर कधीही लिहू नका. मागितला तर शेवटचे चार आकडे द्या, त्याहून जास्त नाही.

पैसे भरलेत, तरी परवाना नाही म्हणतं

हे वेगळं दुखणं आहे, पण दिसतं तसंच. होटगी रोडला माझी मैत्रीण राहते. तिने सर्व्हर रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालवला आहे. वर्षाचे पैसे भरलेले, पावती हातात, तरी लाईट गेली की दर दोन-तीन वेळांमागे एकदा ‘परवाना तपासता येत नाही’ असं यायचं. ती बँकेशी भांडून दमली होती.

मी गेले तेव्हा योगायोगाने नुकतीच लाईट येऊन गेली होती. सर्व्हरच्या पानावर कोपऱ्यात तारीख बघितली, ती तीन दिवस मागची. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलांत घड्याळाला स्वतःची बॅटरीच नसते. पाचव्या मॉडेलमध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घेऊन लावावी लागते. लाईट आली की पाय आधी उठतो, राउटरला इंटरनेट मिळायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर त्याच्याकडे जुनीच तारीख असते. तारीख चुकीची असली की कंपनीच्या सर्व्हरशी सुरक्षित बोलणं होत नाही आणि परवाना तपासणी फसते. पैशाचा काही संबंध नाही. इंटरनेट आल्यावर पाय एकदा पुन्हा चालू केला, वाजायला लागलं. नंतर तिने राउटर आणि पाय दोन्ही छोट्या यूपीएसवर टाकले, तेव्हापासून हा त्रास गेला.

कॉम्प्युटर बदलला किंवा त्याची डिस्क बदलली तरी परवाना अडतो, कारण बरीच सॉफ्टवेअर एका वेळी एकाच मशीनला परवाना देतात. अकाउंटमध्ये जुन्या मशीनचं नाव काढून टाका, मगच नव्यावर लॉगिन करा. जुनं मशीन भंगारात देण्याआधी हे करून घेतलं तर उत्तम.

नेटवर्कचं थोडक्यात. सर्व्हरच्या कॉम्प्युटरला राउटरमध्ये कायमचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा नंबर) बांधून द्या, म्हणजे लाईट गेल्यावर तो बदलत नाही. जुन्या प्लेयरना 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय लागतं आणि डब्ल्यूपीए3 ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत त्यांना कळत नाही, म्हणून राउटरमध्ये डब्ल्यूपीए2 ठेवा. जमेल तिथे तार ओढा.

पैसे न भरता चालणारी वाट

ज्यांच्याकडे फक्त जुने स्क्वीझबॉक्स आहेत त्यांना हे सांगायलाच हवं. हे प्लेयर स्लिम डिव्हायसेस नावाच्या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीचे. 2006 मध्ये ती कंपनी लॉजिटेकने घेतली, 2012 मध्ये हे प्लेयर बनवणं बंद झालं आणि 2024 मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही थांबली. पण घरच्या कॉम्प्युटरवर चालणारा सर्व्हर मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. तो वापरणाऱ्यांनीच पुढे चालवला. आज त्याचं नाव लिरियन म्युझिक सर्व्हर. पैसे लागत नाहीत, खातं लागत नाही, परवाना नाही. स्वतःच्या फाइली वाजवायला इंटरनेटही लागत नाही.

मग आम्ही भाडं का भरतो? अप्पांना त्या सॉफ्टवेअरचा पडदा सवयीचा झालाय. रागाचं नाव दाबलं की त्या रागातलं सगळं समोर येतं, कॅसेटीवरचं स्वतःचं अक्षर दिसतं. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांना दुसरं शिकवायचं मला नको आहे.

पण लिरियन मी एका जुन्या लॅपटॉपवर टाकून ठेवलं आहे, त्याच फाइलींची प्रत करून. भाड्याचं काही अडलं तर अप्पांच्या प्लेयरवर ‘स्विच लायब्ररी’मध्ये जाऊन लॅपटॉप निवडायचा, गाणं सुरू. फक्त दोन्ही सर्व्हर एकाच कॉम्प्युटरवर ठेवू नका. स्क्वीझबॉक्सशी बोलायला लिरियन 3483 नंबरचं पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरचं नेटवर्कवरचं दार, वापरतो, भाड्याचं सॉफ्टवेअरही तेच मागतं, आणि मग प्लेयर कोणाचाच राहत नाही. ह्यात माझा एक रविवार गेला.

जे मोफत आहे त्यालाही मी वर्षातून एकदा देणगी देते, भाड्याच्या दिवशीच, परदेशी खटका चालू असतो तोवर. बंद पडलेल्या डब्यांना कोणीतरी आपला वेळ घालून जिवंत ठेवतंय, त्याच्यावर आमची सकाळ उभी आहे. आणि भाड्याच्या सॉफ्टवेअरची चोरलेली प्रत कोणी पेनड्राइव्हवर आणून दिली तर घेऊ नका. हा सर्व्हर घरात चोवीस तास चालू राहतो, घरातल्या सगळ्या फोनच्या वायफायवर बसलेला असतो. असल्या फाइलीत काय भरलंय ते आपल्याला दिसत नाही.

आता आमचं वर्षाचं भाडं 20 डिसेंबरला येतं. ती तारीख मी मुद्दाम तशी पाडून घेतली. जुनं महिन्याचं भाडं संपू दिलं, काही दिवस लिरियनवर काढले आणि मग वर्षाचं घेतलं. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा, गड्डा म्हणजे तिची जत्रा भरते, कलबुर्गीकडचे पाहुणे आठ-आठ दिवस राहायला असतात आणि त्यांना पहाटे वचनं लागतात. तेव्हा काही अडायला नको. नव्या कॅलेंडरवर 20 डिसेंबरच्या चौकोनात आणि त्याच्या आठ दिवस आधी 12 तारखेला, अशा दोन खुणा मी करते. 12 ला कार्डाची मुदत, मर्यादा आणि खात्यातली शिल्लक बघायची. 20 ला भरायचं. पावतीची प्रिंट अप्पांच्या कॅसेटींच्या डब्यात ठेवते, कारण तो डबा ह्या घरात कधीच हरवत नाही.